स्टँडबायवर जाऊन क्रूझ गाठायची का?

वाचकाचं पत्र

नमस्कार,
आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझा नवरा तीन वर्षांपूर्वी एका विमानकंपनीच्या आयटी विभागात लागला. तेव्हापासून आम्हाला आणि त्याच्या आईवडिलांना स्टँडबायवर, म्हणजे विमानात जागा उरली तर, जवळपास फुकट प्रवास करता येतो. सासरे यंदा पंचाहत्तर पूर्ण करतायत. ते आणि सासूबाई मे महिन्यात नाशिकहून आमच्याकडे येणार आहेत (त्यांची तिकिटं अजून काढलेली नाहीत). पंचाहत्तरीनिमित्त आम्ही सगळ्यांसाठी जुलैच्या दुसऱ्या रविवारी बार्सिलोनाहून सुटणारी सात रात्रींची क्रूझ बुक केली आहे. पाल्मा, मार्सेय, ला स्पेत्सिया, रोमचं बंदर, नेपल्स आणि परत बार्सिलोना. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे, असे पाच जण. एप्रिलमध्ये उरलेले पैसे भरायचे आहेत.
नवरा म्हणतो, "शुक्रवारी रात्री नेवार्कहून निघू, शनिवारी सकाळी पोचू. इतकी विमानं जातात, पाच जागा मिळतीलच. विमानकंपनीत नोकरी असून तिकीट विकत घ्यायचं म्हणजे वेडेपणा." सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाईंना मधुमेह आहे. मला धडकी भरली आहे. पण "तिकीट काढू या" म्हटलं की त्याला वाटतं मी त्याच्या नोकरीला नावं ठेवतेय. त्यात माझ्या बहिणीचं कुटुंबही बडी पासवर (कर्मचाऱ्याच्या ओळखीच्यांना मिळणाऱ्या स्टँडबाय पासवर) सोबत येऊ का म्हणून विचारतंय. आमच्यापैकी फक्त मुलीकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. आम्हा दोघांकडे ग्रीन कार्ड आहे. काय करू?
— एडिसनची सून

उत्तर

प्रिय 'एडिसनची सून',

आधी उत्तर सांगते, कारणं मागाहून. सासू-सासऱ्यांना जहाजापर्यंत स्टँडबायवर नेऊ नका. जाताना त्या दोघांची, तुमची आणि मुलीची तिकिटं कन्फर्म काढा. नवऱ्याने एकट्याने स्टँडबायवर यावं, आणि त्यासाठी शुक्रवारची वाट न बघता बुधवारीच सुरुवात करावी. परतीला तुम्ही तिघं खुशाल स्टँडबायवर या. सासू-सासऱ्यांना मात्र क्रूझनंतर पुन्हा अमेरिकेत आणू नका. त्यांनी बार्सिलोनाहूनच मुंबईला जावं. तसं केलंत तर खर्च तुम्हाला वाटतोय तेवढा वाढणार नाही, ते कसं ते पुढे सांगते.

विमानतळावर गेटच्या काउंटरमागे मी नोकरी केली आहे. उन्हाळ्यात युरोपच्या विमानांच्या गेटवर स्टँडबायचे लोक कसे बसलेले असतात ते मी जवळून पाहिलंय. त्यातले बरेचसे निवांत असतात, कारण आज नाही तर उद्या गेलं तरी त्यांचं काही अडत नाही. या सवलतीचा आनंद खरा त्यांनाच मिळतो. ज्यांना लग्नाचा मुहूर्त, अंत्यविधी किंवा जहाज गाठायचं असतं, ते यादीतल्या प्रत्येक नावाकडे शत्रूसारखं बघत बसतात. पंचाहत्तरीच्या प्रवासाची सुरुवात अशी व्हायला नको.

तुमच्या नवऱ्याच्या मनात बहुधा आपल्या रेल्वेची वेटिंग लिस्ट आहे. तिथे आधी नंबर लावला की आपला नंबर पुढे सरकतो. विमानकंपनीची स्टँडबाय यादी तशी चालत नाही. आधी पासचा प्रकार बघतात, म्हणजे कर्मचारी स्वतः, त्याची बायको-मुलं, आईवडील, मग बडी पासवाले. काही कंपन्यांत आईवडिलांची पायरी कर्मचाऱ्याच्या खाली असते. एकाच पायरीवरच्या लोकांत काही कंपन्या नोकरीला लागल्याची तारीख बघतात, तर काही चेक-इन कोणी आधी केलं ते बघतात. तुमच्या नवऱ्याची कंपनी पहिल्या प्रकारातली असेल, तर तीन वर्षांच्या नोकरीला यादीत फारसं वजन नाही. तुम्ही दुपारपासून गेटवर बसलेले असाल आणि तीस वर्षं नोकरी झालेली एखादी मेकॅनिक बाई, तिचा नवरा आणि दोन मुलं उड्डाणाच्या दोन तास आधी यादीत आली, तरी ती चौघं तुमच्या पुढे जातात. शिवाय काल विमान चुकलं म्हणून आज तुम्हाला झुकतं माप मिळत नाही. आदल्या रात्री जागा न मिळालेले लोक दुसऱ्या दिवशीच्या यादीत नव्यांसोबत पुन्हा उभे राहतात, म्हणून सुट्ट्यांच्या काळात यादी रोज फुगत जाते.

"इतकी विमानं जातात" हेही अर्धंच खरं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून युरोपला जाणारी बहुतेक विमानं संध्याकाळ ते रात्र या पट्ट्यात सुटतात आणि सकाळी पोचतात. त्या चार-पाच तासांत नंबर लागला नाही, तर पुढची संधी दुसऱ्या दिवशी रात्री. शुक्रवारी निघायचं ठरवलंत तर हाताशी दोनच रात्री राहतात, आणि त्यातली दुसरी शनिवारची, म्हणजे पोचणं थेट रविवारी सकाळी, जहाज सुटण्याच्या दिवशी. बार्सिलोनाच्या एल प्रात विमानतळापासून बंदरातल्या मोल अदोसातच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत टॅक्सीने अर्ध्या तासाचं अंतर आहे, त्यामुळे कागदावर हे जमतंही. पण त्यात विमानाचा उशीर, पासपोर्टची रांग, न आलेली बॅग यांतल्या एकालाही जागा नाही. आणि युरोपच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा रांगेचा हिशेब जरा जास्तच धरावा.

लोडबद्दल, म्हणजे विमान किती भरलंय याबद्दल, थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेक घरांत वाद इथेच होतो. नवरा तुम्हाला ॲपमध्ये दाखवेल की अमुक विमानात अठरा जागा रिकाम्या आहेत. तीन आठवडे आधीच्या त्या आकड्याला काही अर्थ नसतो. त्या जागा अजून विक्रीला असतात, आणि जुलैत त्या विकल्या जातात. कंपनी ओव्हरबुकिंग करते, म्हणजे जागांपेक्षा जास्त तिकिटं विकते, ते वेगळंच. सीट मॅपवर तर मुळीच भरवसा ठेवू नका. तिथे मोकळ्या दिसणाऱ्या खुर्च्या बऱ्याचदा विकलेल्या असतात, फक्त कोणाला दिलेल्या नसतात. बघायचे आकडे तीन: एकूण जागा, बुकिंग झालेले प्रवासी आणि यादीत आपल्या वर असलेली नावं. तेही शेवटच्या दोन दिवसांतले. शिवाय कुठेतरी एखादं विमान रद्द झालं, की त्यातले पैसे भरलेले प्रवासी पुढच्या विमानांत बसवले जातात आणि रिकाम्या जागा तासाभरात संपतात. १९ जुलै २०२४ च्या शुक्रवारी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे संगणक बंद पडले, तेव्हा एकट्या डेल्टाला पाच दिवसांत सुमारे सात हजार उड्डाणं रद्द करावी लागली. पूर्ण भाडं भरलेले लोकही त्या आठवड्यात दिवसचे दिवस अडकले होते. स्टँडबायचा नंबर त्या सगळ्यांच्या नंतरचा. इतका मोठा गोंधळ रोज होत नाही हे मान्य, पण जुलैतल्या दुपारी न्यूयॉर्कच्या आकाशात वादळी ढग जमून विमानं खोळंबणं हे नेहमीचंच आहे.

आणि मग पाचाचा प्रश्न. एकट्या माणसाला अगदी भरलेल्या विमानातही जागा मिळून जाते, कारण कोणीतरी आयत्या वेळी येत नाही. पाच जागा मिळणं ही फार वेगळी गोष्ट आहे. गेटवर तुम्हाला विचारतील, दोन जागा आहेत, घेता का? उत्तर द्यायला मिनिटभर मिळतं. कोणाला पाठवाल? सासू-सासऱ्यांना दोघांनाच, अनोळखी देशात? की नवरा आईवडिलांना घेऊन जाईल आणि तुम्ही मुलीसह मागे राहाल? नाव पुकारलं जातं ते दार बंद व्हायच्या जरा आधी. व्हीलचेअर लागणाऱ्या माणसाला त्या घाईत खुर्चीपर्यंत नेणं त्याच्यावर अन्याय करणारं आहे. सासूबाईंच्या जेवणाच्या आणि औषधाच्या वेळा त्या तीन-चार तासांच्या बसण्यात कशा सांभाळायच्या, हाही विचार करा.

जहाज चुकलं तर पैशांचं काय, हे पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण नवऱ्याशी बोलताना हाच मुद्दा सगळ्यात कामी येईल. क्रूझ रद्द केल्यावरची कपात तारीख जवळ येईल तशी वाढत जाते आणि शेवटच्या टप्प्यात पूर्ण रक्कम जाते. न सांगता गैरहजर राहिलात तर काहीच परत मिळत नाही. ट्रॅव्हल इन्शुरन्स विमानाला उशीर झाल्याची भरपाई देतो, पण स्टँडबायवर जागा मिळाली नाही हे कारण साधारणपणे त्यात बसत नाही. तुमच्या पॉलिसीतलं ते कलम शोधून नवऱ्यासोबत वाचा. युरोपात विमानाचा उशीर झाला की भरपाई देणारा जो २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आहे, तो फुकट किंवा सामान्य लोकांना न मिळणाऱ्या सवलतीच्या दरात उडणाऱ्यांना लागू होत नाही. तसं नियमातच लिहिलेलं आहे. म्हणजे जहाजाचे सगळे पैसे भरलेले, आणि तिथवर नेणाऱ्या प्रवासाला कसलंच संरक्षण नाही.

आता सासू-सासऱ्यांच्या तिकिटाबद्दल. तुम्ही मुंबई-नेवार्क-मुंबई असं साधं जाण्यायेण्याचं तिकीट धरून चालला असाल. त्याऐवजी मल्टी-सिटी तिकीट बघा: मुंबईहून न्यूयॉर्क किंवा नेवार्क, आणि परत बार्सिलोनाहून मुंबई. दोहा, दुबई किंवा इस्तंबूलमार्गे जाणाऱ्या कंपन्यांकडे दोन्ही टोकं मिळतात. परतीचा प्रवास अर्ध्या वाटेवरूनच सुरू होत असल्यामुळे भाडं बहुधा साध्या परतीच्या तिकिटाच्या आसपास राहतं, काही तारखांना वर-खाली होतं. मग त्यांच्यासाठी वेगळी विकत घ्यायची राहते ती फक्त न्यूयॉर्क-बार्सिलोना ही एक उडी. मोठ्या कंपन्या एकेरी तिकिटाला कधीकधी जाण्यायेण्यापेक्षा जास्त भाडं लावतात, म्हणून दोन्ही प्रकारांनी किंमत बघा. लेव्हलसारखी कंपनी न्यूयॉर्कच्या जेएफकेहून बार्सिलोनाला थेट जाते आणि एकेरी तिकीट सरळ दराने विकते. तुमच्याकडे माइल्स (विमानकंपनीचे किंवा क्रेडिट कार्डाचे पॉइंट) साठले असतील तर ते वापरण्याची जागा हीच आहे. काही विमानकंपन्या कर्मचाऱ्यांना कन्फर्म तिकिटावरही थोडी सवलत देतात, तेही नवऱ्याला विचारायला लावा.

यात आणखी एक फायदा आहे. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर असतील. क्रूझहून परत अमेरिकेत आले तर इमिग्रेशनच्या खिडकीवर पुन्हा प्रश्नोत्तरं, पुन्हा किती दिवस राहू देतात याची धाकधूक, आणि मग काही आठवड्यांनी पुन्हा लांबचा प्रवास. दुखऱ्या गुडघ्यांनी अमेरिकेतून निघाल्यावर तीन लांब उड्या मारण्यापेक्षा दोन बऱ्या, आणि बार्सिलोना-मुंबई ही त्यांतल्या त्यात हलकी. सामानाचा प्रश्न येईल, कारण नातवंडांसाठी, शेजाऱ्यांसाठी घेतलेल्या वस्तूंच्या बॅगा सोबत असणार. क्रूझ बार्सिलोनाहून सुटून तिथेच परत येते, त्यामुळे आधीच्या दोन रात्री ज्या हॉटेलात राहाल तिथे मोठ्या बॅगा आठवडाभर ठेवता येतील का ते बुकिंगच्या वेळीच विचारा. नाहीच जमलं तर केबिनमधल्या पलंगाखाली बॅगा सरकवता येतात.

नवऱ्याचा प्रवास हा खरा स्टँडबायचा प्रवास. तुम्ही चौघं गुरुवारी रात्री कन्फर्म तिकिटावर निघा आणि शुक्रवारी पोचा. त्याने बुधवारी रात्रीच यादीत नाव घालावं. बुधवारची रात्र शुक्रवारपेक्षा सहसा मोकळी असते. तो आधी पोचला तर तुमच्या आधी हॉटेलात असेल, आणि नाही पोचला तरी त्याच्या हातात गुरुवार आणि शुक्रवार उरतात. थेट बार्सिलोनाच हवी असा हट्ट त्याने धरू नये. माद्रिदला जागा असेल तर माद्रिद घ्यावं: तिथून बार्सिलोनाला वेगवान रेल्वेने अडीच ते तीन तास लागतात, दिवसभर गाड्या आहेत आणि तीन वेगवेगळ्या कंपन्या त्या चालवतात. पॅरिसहूनही थेट गाडी आहे, जवळजवळ सात तासांची. म्हणजे गुरुवारी किंवा शुक्रवारी पॅरिसला पोचणंही चालेल, रविवारी मात्र नाही. लिस्बन नकाशावर जवळ दिसतं, पण तिथून रेल्वेने बार्सिलोना गाठणं किचकट आहे, पुढे विमानच लागतं. लंडनमार्गे जायची वेळ आली तर भारतीय पासपोर्टला ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम लागू होतात, ग्रीन कार्डमुळे मिळणारी सूट आपल्या मार्गाला लागू आहे ना, हे आधी तपासून ठेवावं.

स्वतःच्या कंपनीपलीकडचीही दारं त्याच्यासाठी उघडी आहेत. विमानकंपन्यांचे आपसात करार असतात आणि त्यातून झेड दराची, म्हणजे अंतराच्या टप्प्यांप्रमाणे ठरलेली, स्वस्त स्टँडबाय तिकिटं मिळतात. बऱ्याच कंपन्यांचे कर्मचारी ती मायआयडीट्रॅव्हल या वेबसाइटवरून काढतात, आणि वापरलं नाही तर पैसे सहसा परत मिळतात. जेएफकेहून जाणाऱ्या दोन-तीन युरोपीय कंपन्यांची अशी तिकिटं त्याने हाताशी ठेवावीत. दुसऱ्या कंपनीचे लोड कळण्यासाठी कर्मचारी मंडळी स्टाफट्रॅव्हलर नावाचं ॲप वापरतात. हे सगळं त्याला कदाचित माहीत असेल. नसेल तर त्याच्या विभागातले जुने लोक आनंदाने सांगतील, या विषयावर विमानकंपनीतली माणसं फार मोकळेपणाने बोलतात.

शुक्रवारी दुपारपर्यंत त्याचं जमलं नाही, तर त्याने त्या रात्रीचं एक कन्फर्म तिकीट विकत घ्यावं. ही सीमारेषा आजच ठरवा, कारण गेटवर बसलेला माणूस 'अजून एक विमान बघू' करत राहतो. इथे एक गैरसमज दूर करते. अमेरिकेत तिकीट काढल्यावर चोवीस तासांत पूर्ण पैसे परत, हा नियम उड्डाणाला किमान सात दिवस बाकी असतानाच्या बुकिंगला आहे. आयत्या वेळच्या तिकिटाला तो धरून चालू नका. माइल्सवर काढलेलं तिकीट मात्र अमेरिकन कंपन्या बहुधा फुकट रद्द करू देतात, म्हणून अनुभवी लोक राखीव म्हणून तेच ठेवतात. फक्त त्याच कंपनीत कन्फर्म आणि स्टँडबाय अशी दोन्ही बुकिंग ठेवायला त्याच्या नोकरीच्या नियमांत हरकत नाही ना, ते त्याने बघावं.

आणि एवढं करूनही तो रविवारी पोचला नाही तर? तुमचं जहाज सोमवारी पाल्माला आहे. बार्सिलोनाहून पाल्माला विमान तासाभरात पोचतं. एकटा, हातात एक बॅग, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा एकच व्हिसा) असलेला माणूस तिथे जहाजावर चढू शकतो, पण क्रूझ कंपनीने परवानगी दिली तरच. त्यासाठी जहाज सुटण्याच्या आधी कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून सांगावं लागतं. न कळवता राहिलेल्या प्रवाशाचं बुकिंग कंपनी रद्द धरू शकते. तो क्रमांक बुकिंगच्या कागदावर असतो, दोघांच्याही फोनमध्ये साठवून ठेवा. (हे वाचून अलास्काचा बेत करणाऱ्यांसाठी: तिथे हा मार्ग गृहीत धरू नका. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेण्यावर १८८६ च्या कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे सिअ‍ॅटलला चुकलेलं जहाज केचिकनला पकडता येत नाही.)

परतीची काळजी मी फारशी करणार नाही. मुलीची शाळा सप्टेंबरपर्यंत बंद असते. सासू-सासऱ्यांना मुंबईच्या विमानात बसवून दिलंत की तुम्हा तिघांना घाई नाही, म्हणून त्या आठवड्यात कामाची रजा दोन-तीन दिवस जास्त टाका. रविवारी-सोमवारी गर्दी असते, मंगळवार-बुधवार धरा. एक गोष्ट लक्षात ठेवा: युरोपहून पश्चिमेला येताना समोरून वारा असतो, इंधन जास्त लागतं, आणि कडक उन्हाळ्यात वजनाच्या मर्यादेमुळे काही जागा मुद्दाम रिकाम्या सोडाव्या लागतात. खुर्च्या रिकाम्या दिसूनही घेतलं नाही म्हणून गेटवरच्या माणसाशी वाद घालू नका. आणि सुटसुटीत सामान ठेवा. तिघांची एकेक लहान बॅग असेल तर शेवटच्या क्षणी मिळालेल्या जागेवर जाता येतं. नशीब असेल तर अशा मधल्या वारी बिझनेस क्लासमध्येही बसवतात, आणि मुलीला तो प्रवास क्रूझइतकाच लक्षात राहील.

बहिणीच्या कुटुंबाला नाही म्हणा. बडी पासची पायरी सगळ्यात खाली, जुलैत त्यांचा नंबर लागणं जवळपास अशक्य. शिवाय त्या पासवर प्रवास करणाऱ्याच्या वागण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते. पासचे पैसे घेतल्यामुळे किंवा पाहुण्याने गेटवर तमाशा केल्यामुळे लोकांच्या सवलती गेल्या आहेत, नोकऱ्याही गेल्या आहेत. त्यांना क्रूझला यायचं असेल तर त्यांनी त्यांची तिकिटं काढावीत.

आता नवऱ्याशी कसं बोलायचं. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच. तो कंजूषपणा करतोय असं मला वाटत नाही. नाशिकच्या आईवडिलांना माझ्या नोकरीमुळे जग दिसतंय, असं त्याला म्हणायचं आहे. आयुष्यभर ज्यांनी आपल्यासाठी खर्च केला त्यांना आपण कमावलेलं काही द्यावं, ही इच्छा फार चांगली आहे आणि तिला धक्का लावू नका. म्हणून "स्टँडबाय नको" असं न म्हणता, स्टँडबाय कुठे वापरायचं ते सांगा. मे महिन्यात, मेअखेरच्या मेमोरियल डेच्या सुट्टीचा आठवडा सोडून, एखाद्या मंगळवारी सासू-सासऱ्यांना नेवार्कहून बफेलोला नेऊन नायगारा दाखवू द्या. तासा-दीड तासाचं विमान, दिवसात अनेक फेऱ्या, आणि नाहीच जमलं तर घरी परत येऊन दुसऱ्या दिवशी जायचं. तिथे त्याच्या बाबांना गेटवर नाव पुकारलं जाण्याची मजाही अनुभवता येईल. आकडे मांडायचे असतील तर कागदावर समोरासमोर मांडा: एका बाजूला पाच जणांच्या क्रूझचं पूर्ण भाडं, दुसऱ्या बाजूला चार एकेरी तिकिटं. तो आयटीतला माणूस आहे, जोखमीचं गणित त्याला तुमच्या भीतीपेक्षा लवकर पटेल. आणि वडिलांना विचारू द्या त्याला, विमानतळावर दोन रात्री थांबावं लागलं तर चालेल का. सासरे 'चालेल' म्हणतील, आपल्याकडची वडीलमाणसं तसंच म्हणतात. मग त्याने आईला वेगळं विचारावं.

शेवटचं, पण कामाला लागायचं ते याच्यापासून: व्हिसा. मुलगी सोडून तुम्हा चौघांना शेंगेन व्हिसा लागेल. सासू-सासऱ्यांनी तो भारतातून निघण्याआधीच काढायला हवा, कारण अमेरिकेत पाहुणे म्हणून आलेल्यांचे अर्ज इथल्या वकिलाती सहसा घेत नाहीत. जिथे तुमचं कायम वास्तव्य तिथेच अर्ज, असा नियम आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. बार्सिलोनातल्या रात्री आणि पाल्मा धरून सगळ्यात जास्त दिवस स्पेनमध्ये जातात, म्हणून अर्ज स्पेनकडे करायचा, भारतात त्यांचं काम बीएलएस ही कंपनी बघते. किमान तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो, आणि क्रूझचं बुकिंग, हॉटेल, विमानाचं आरक्षण दाखवावं लागतं. स्टँडबायच्या यादीत नाव आहे हा कागद तिथे पुरेसा ठरेल असं समजू नका. कन्फर्म तिकिटाच्या बाजूने नवऱ्यापुढे ठेवायला हा आणखी एक सरळ मुद्दा. तुमच्या दोघांच्या अपॉइंटमेंटसाठी न्यूयॉर्कचे स्लॉट उन्हाळ्यापूर्वी पटापट भरतात, तेव्हा तुमची इथली आणि सासू-सासऱ्यांची मुंबईची तारीख याच आठवड्यात बघा. एप्रिलमध्ये उरलेले पैसे भरण्याआधी व्हिसाचं चित्र स्पष्ट झालेलं असलं पाहिजे.